आपली पत्रे आपण जपणार की नाही?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि प्रत्येक मराठी माणसाचा ऊर भरून आला. त्याआधी अडीच वर्षे, २२ ते २४ एप्रिल २०२२ या तीन दिवसांत, पंच्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या उदगीरला भरले होते. भारत सासणे अध्यक्षस्थानी होते आणि सीमेवरच्या या तालुक्याच्या गावाने एप्रिलच्या उन्हात साऱ्या महाराष्ट्राचे स्वागत केले. दोन्ही घटना अभिमानाच्या आहेत. पण त्या अभिमानाला एक साधा प्रश्न विचारून पाहावा. आणखी वीस वर्षांनी एखाद्या विद्यार्थ्याला वाटले की, त्या तीन दिवसांविषयी उदगीरच्या आणि लातूरच्या साप्ताहिकांनी काय लिहिले ते वाचावे. मंडपाविषयी कोणी कुरकुर केली, कविकट्ट्यावर कोणत्या स्थानिक कवीला संधी मिळाली, कोणाला निमंत्रण न मिळाल्याचा राग आला, हे शोधावे. तर त्याने कोठे जावे? अध्यक्षांचे भाषण त्याला मिळेल. मोठ्या दैनिकांचे वृत्तान्त पुण्या-मुंबईत मिळतील. उदगीरने स्वतःविषयी स्वतः काय म्हटले, ते मात्र बहुधा मिळणार नाही.

वाचकहो, हा लेख तक्रारीचा आहे. ती कोणा एका संस्थेविरुद्ध नाही. संपादक, प्राचार्य, ग्रंथपाल, धर्मगुरू आणि अंक वाचून झाल्यावर त्यावर भाजी निवडणारे आपण सर्व, अशा साऱ्यांविरुद्ध आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : जो लहान समाज आपली पत्रे स्वतः जपत नाही, त्याचा इतिहास पुढे त्याच्यावर पाळत ठेवणाऱ्यांच्या किंवा बाहेरून क्षणभर डोकावून गेलेल्यांच्या कागदांतून लिहिला जातो. आणि आज ती जपण्याची साधने इतकी आवाक्यात आली आहेत की, न जपण्याला आळसाखेरीज दुसरे सबळ कारण उरलेले नाही.

लहान पत्र म्हणजे काय, ते आधी ठरवू. तालुक्याचे चार पानी साप्ताहिक, महाविद्यालयाचे वार्षिक नियतकालिक, वसतिगृहाचे भित्तिपत्रक, धर्मग्रामाचे मासिक वार्तापत्र, शाळेच्या किंवा चर्चच्या रौप्यमहोत्सवाची स्मरणिका, हे सारे त्यात येते. यांची भाषा कधी ओबडधोबड असते, छपाई कधी पुसट असते, जाहिरातींत पुढाऱ्यांच्या वाढदिवसांची गर्दी असते. तरीही जे दुसरे कोणीच छापत नाही, ते येथे छापले जाते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांनी त्याची बातमी दिली आणि काही आठवड्यांनी ती माणसे निघून गेली. नवे गाव जुन्या गावापासून किती दूर वसवायचे, पत्र्याच्या शेडमधून पक्क्या घरात कोणी कधी जायचे, देवळाची आणि प्रार्थनामंदिराची जागा कोठे धरायची, हे वाद त्यानंतर वर्षानुवर्षे चालतात आणि ते जिल्ह्याच्या पत्रांचेच विषय असतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, तेव्हा ‘जलदूत’ गाडीचे छायाचित्र देशभर छापले गेले. कोणत्या गल्लीत कितव्या दिवशी टँकर आला आणि एका घागरीवरून कोणाचे कोणाशी बिनसले, हे विचारायला दिल्लीचा वार्ताहर थांबत नाही. दुष्काळ म्हणजे काय, हे मात्र त्या घागरीच्या बातमीतूनच कळते.

उदगीरच्या बाबतीत ही गरज आणखी तीव्र आहे. सदाशिवरावभाऊंनी १७६० साली निजामाचा पराभव केला, एवढ्यासाठी शालेय पुस्तकात या गावाचे नाव येते. पण गेल्या शतकातल्या उदगीरचा माग काढायला बसा, म्हणजे अडचण कळेल. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हे गाव निजामाच्या राज्यात होते. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि जिल्हा बिदर होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली. बिदर कर्नाटकात गेले आणि उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले. १६ ऑगस्ट १९८२ ला लातूर जिल्हा झाला आणि उदगीर तिकडे आले. म्हणजे एकाच पिढीच्या हयातीत गाव जागचे हलले नाही, पण त्याचे दफ्तर हैदराबाद, बिदर, धाराशिव, लातूर आणि मुंबई असे तीन राज्यांत विखुरले. महाविद्यालयांचेही तसेच झाले. त्यांचे विद्यापीठ आधी औरंगाबादला होते; १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्यावर ते नांदेडला आले. अशा गावाची सलग कहाणी सांगू शकेल असा साक्षीदार एकच, तो म्हणजे गावातच निघालेले पत्र. तोच आपण रद्दीवाल्याच्या तराजूत घालतो.

पत्र नष्ट झाले की काय होते, याचा धडा मराठीच्या इतिहासात आहे. १ जानेवारी १८७७ रोजी कृष्णराव भालेकरांनी पुण्यात ‘दीनबंधु’ सुरू केले. सत्यशोधक चळवळीचे, शेतकऱ्या-कष्टकऱ्यांचे ते मुखपत्र. त्याच्या सुरुवातीच्या काळातील अंकांचे संपूर्ण संच आज हाती लागत नाहीत. अभ्यासकांना आधार घ्यावा लागतो तो इंग्रज सरकारच्या गोपनीय साप्ताहिक अहवालांचा. देशी पत्रे काय लिहितात, यावर नजर ठेवण्यासाठी सरकारी भाषांतरकार त्यांतील निवडक मजकुराचा इंग्रजी गोषवारा करीत असत. ज्यांचा आवाज दाबला गेला होता त्यांनी मराठीत मांडलेले म्हणणे सरकारने आपल्या सोयीपुरते इंग्रजीत उतरवले, आणि आज आपण ते तेथून उलटे मराठीत आणतो. एका समाजाच्या वाट्याला याहून मोठी विटंबना कोणती यावी?

याउलट ‘मूकनायक’ पाहा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे हे पाक्षिक ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले आणि फार काळ चालले नाही. ‘बहिष्कृत भारत’ १९२७ साली आले. दोन्ही पत्रे गरिबीत निघाली, गरिबीत बंद पडली. तरी महाराष्ट्र शासनाला १९९० साली त्यांचे अंक एकत्र छापता आले, कारण तोवर कोणी ना कोणी ते घरात, पेटीत, कपाटात जपून ठेवले होते. ज्यांच्याजवळ जपण्यासारखे फारसे काही नव्हते, त्यांनी ते जपले. आपल्याजवळ कपाटे आहेत, कुलपे आहेत आणि किल्ल्याही आहेत.

मराठवाड्याला तर हे सांगण्याची गरज भासू नये. आ. कृ. वाघमारे यांनी निजामाच्या काळात ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढले. बंदी आली की नाव बदलून ते पुन्हा काढावे लागे. पुढे अनंत भालेरावांच्या संपादनाखाली त्याच नावाच्या दैनिकाने या प्रदेशाला स्वतःची भाषा दिली. ज्या पत्राला एका नावाने जगणेच अशक्य होते, त्याचे सर्व नावांचे अंक एका ठिकाणी लावून ठेवणे हे मुक्तिसंग्रामाचे खरे स्मारक ठरेल. दर १७ सप्टेंबरला ध्वज फडकतो, भाषणे होतात. त्या अंकांविषयी एखादे वाक्य तरी कधी ऐकू येते काय?

महाविद्यालयांच्या नियतकालिकांना तर कोणी पत्र मानायलाच तयार नसते. ते प्राचार्यांच्या मनोगताने सुरू होते आणि गुणवंतांच्या छायाचित्रांनी संपते, असे आपण हसून म्हणतो. पण औरंगाबादेत बाबासाहेबांनी १९५० साली स्थापन केलेल्या मिलिंद महाविद्यालयाचे उदाहरण आठवा. त्या परिसरातील विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी वार्षिकांतून, सभांतून जे लिहिले-बोलले, त्यातूनच पुढे १९६० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ उभे राहिले आणि दलित साहित्याला त्याचे व्यासपीठ मिळाले. अठरा वर्षांच्या मुलाची पहिली कविता कोठे छापली जाते? कॉलेजच्या अंकातच. उदगीरच्या महाविद्यालयांतून ज्यांनी पहिल्यांदा लेखणी धरली, त्यांपैकी उद्या कोण कोठे पोहोचेल, हे आज कोणी सांगू शकत नाही. म्हणूनच सारे जपायचे असते. निवड करण्याचा अधिकार पुढच्या पिढीचा आहे.

आता आपल्या घरात डोकावू. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. १६४९ आणि १६५४ साली त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. मराठी ख्रिस्ती साहित्याचा हा मुकुटमणी आपल्यापर्यंत आला तो श्रद्धाळू माणसांनी हाताने केलेल्या नकलांमुळे. त्या नकलांवरून सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे ते पुन्हा छापले. देवनागरीतली एक हस्तलिखित प्रत लंडनमध्ये आहे. छापले म्हणजे टिकले, हा आपला समज किती पोकळ आहे, हे यावरून कळावे. ग्रंथ टिकतो तो नकलांनी, आणि त्या नकला एकमेकींपासून दूर असल्या तर अधिक टिकतो.

अहमदनगरला १८४२ साली निघालेला ‘ज्ञानोदय’, १९०३ साली सुरू झालेला ‘निरोप्या’ आणि वसईची ‘सुवार्ता’ ही नावे आपल्या घराघरांत ठाऊक आहेत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी दोन तपे ‘सुवार्ता’चे संपादन केले. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. जुलै २०२४ मध्ये ते प्रभूच्या घरी गेले. त्यांची पुस्तके राहतील. पण ज्या मासिकाच्या महिन्या-महिन्याच्या पानांतून हा लेखक घडला, ज्या वाचकांच्या पत्रांशी तो झगडला, ती पानेच लेखक कसा घडतो हे दाखवू शकतात. मोठ्या मासिकांना निदान वाली आहे. ज्या धर्मग्रामाचे वार्तापत्र चाळीस कुटुंबांत वाटले जाते, त्याला कोण आहे?

ख्रिस्तसभेचा कायदा याबाबत मोघम नाही. त्याच्या ५३५ व्या कलमानुसार प्रत्येक धर्मग्रामाला स्वतःचे दफ्तर असलेच पाहिजे; बाप्तिस्मा, विवाह, मृत्यू यांच्या नोंदवह्यांबरोबर गरजेचे आणि उपयोगाचे अन्य कागदही त्यात राखायचे असतात. २ फेब्रुवारी १९९७ रोजी ख्रिस्तसभेच्या सांस्कृतिक ठेव्यासंबंधीच्या परमधर्मपीठीय आयोगाने जगभरच्या बिशपांना पुराभिलेखांविषयी स्वतंत्र पत्र लिहिले आणि हे काम मेषपाळीय सेवेचाच भाग असल्याचे बजावले. आपण नोंदवह्या तिजोरीत ठेवतो, ते योग्यच आहे. पण नोंदवहीत माणसाचे नाव आणि तारीख मिळते. तो कोणत्या वस्तीतून चालत मिस्साला येई, त्याने कोणते गीत रचले, दुष्काळात त्याच्या कुटुंबाने कोणाला आसरा दिला, हे वार्तापत्रात मिळते. पाच भाकरींनी हजारोंची भूक भागल्यावर प्रभूने शिष्यांना उरलेले तुकडेही वेचायला लावले होते, हे आपण वेदीवरून कितीदा सांगतो!

यावर काही आक्षेप येतात. त्यांचा परामर्श घेतलाच पाहिजे.

पहिला आक्षेप असा की, हे सरकारचे काम आहे आणि त्यासाठी कायदाही आहे. खरे आहे. १९५४ च्या कायद्याने प्रकाशित पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि नेमून दिलेल्या अन्य ग्रंथालयांना देणे बंधनकारक केले; १९५६ साली त्यात वृत्तपत्रेही आली. पण कायदा मोडणाऱ्याला दंड ठरवला तो ५० रुपयांपर्यंत! शिवाय हे बंधन नोंदणीकृत वृत्तपत्रांपुरते. कॉलेजचे वार्षिक, भित्तिपत्रक, धर्मग्रामाचे वार्तापत्र त्याच्या कक्षेत येत नाही. ज्याला कायदा ओळखत नाही, त्याला आपणच ओळखले पाहिजे.

दुसरा आक्षेप पैशाचा. सणाच्या मंडपावर आणि महोत्सवाच्या रोषणाईवर होणारा खर्च आठवून हा आक्षेप मी बाजूला ठेवतो. एक साधा स्कॅनर, एक संगणक आणि सुटीतले चार विद्यार्थी एवढ्यावर एका धर्मग्रामाचे काम सुरू होते.

तिसरा आक्षेप तरुण घेतात : “फादर, हल्ली सगळे मोबाइलवर असतेच की!” असते, आणि फोन बदलला की नाहीसेही होते. व्हॉट्सॲपवर फिरणारी पीडीएफ म्हणजे संग्रह नव्हे. ती कोणाची, कोणत्या अंकाची, पूर्ण की अपुरी, हे कोणी लिहून ठेवत नाही. खरे तर सर्वांत मोठा धोका संगणकावर जुळवलेल्या अंकांनाच आहे. १९९० च्या दशकात आपली पत्रे खिळ्यांवरून संगणकावर गेली. श्रीलिपीसारख्या तत्कालीन फॉन्टांत आणि पेजमेकरमध्ये ती जुळवली गेली, फ्लॉपीवर ठेवली गेली. आज फ्लॉपी वाचायला यंत्र नाही, आणि फाइल उघडलीच तर युनिकोडपूर्व अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हांची रांगोळी दिसते. शंभर वर्षांपूर्वीचा कागद निदान डोळ्यांनी वाचता येतो. तीस वर्षांपूर्वीच्या अंकाची छापील प्रत गेली, तर सारेच गेले.

चौथा आक्षेप दबक्या आवाजात घेतला जातो : जुन्या भांडणांची राख कशाला उकरायची? जुन्या ख्रिस्ती पत्रांत पंथापंथांतले कडवट वाद आहेत, जातीविषयी आज लाज वाटावी अशी वाक्ये आहेत, समितीच्या निवडणुकांची उणीदुणी आहेत. नेमकी ती पाने गाळून संग्रह करावा, असे सुचवले जाते. याला माझा ठाम विरोध आहे. गाळलेला संग्रह ही जाहिरात होते. एखाद्या पीडित व्यक्तीचे किंवा बालकाचे नाव झाकावे लागेल. तेथे ते पान काही वर्षांसाठी बंद ठेवावे, कारण आणि मुदत लिहून ठेवावी. फाडू मात्र नये. लेखकांच्या हक्कांचाही मान राखावा. आपल्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, आणि निनावी लेखनाच्या बाबतीत प्रसिद्धीनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. त्यापुढचे लेखन सर्वांसाठी खुले करावे. अलीकडचे परवानगीने, नाहीतर वाचनालयात बसून वाचण्यापुरते.

आता करायचे काय, ते सांगतो. वृत्तपत्राचा कागद यांत्रिक लगद्याचा असतो. लाकडातले लिग्निन त्यात राहते, ऊन-हवेने तो पिवळा पडतो, आम्लाने ठिसूळ होतो. म्हणून आधी गंजलेल्या टाचण्या काढा, गठ्ठे सपाट ठेवा, ओल आणि वाळवीपासून दूर ठेवा. टिकावे म्हणून लॅमिनेशन मुळीच करू नका. मग यादी करा : कोणत्या वर्षाचा कोणता अंक आहे, कोणता नाही. गहाळ अंकांसाठी वाचकांना आवाहन करा. जुन्या शिक्षकांच्या, कवींच्या, जाहिरातदारांच्या घरी ते निघतात. त्यानंतर निदान ३०० बिंदू प्रति इंच इतक्या स्पष्टतेने, जाहिरातींसकट, पानापानाचे स्कॅनिंग करा. फाइलचे नाव वर्ष, महिना आणि अंक यांवरून ठेवा. तीन प्रती करा आणि त्यांतली एक तरी गावाबाहेर ठेवा. आणि स्कॅन झाले म्हणून मूळ कागद विकू नका.

संगणक आता छापील देवनागरी वाचून तिचा शोधता येण्याजोगा मजकूर करतो. जोडाक्षरांत आणि पुसट छपाईत तो चुकतो. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ‘ट्रोव्ह’ या आपल्या संग्रहात ही दुरुस्ती वाचकांवर सोपवली आणि सामान्य नागरिक घरी बसून आपल्या गावाच्या जुन्या बातम्या शुद्ध करू लागले. अमेरिकेत काँग्रेसच्या ग्रंथालयाने २००७ पासून गावोगावची जुनी वृत्तपत्रे खुली केली. तेथील कॅथलिक पत्रांचाही स्वतंत्र डिजिटल संग्रह आहे. आपल्या युवक मंडळांना हे काम जमणार नाही, असे कोण म्हणेल? आजोबांचे नाव शोधताना नातू मराठी वाचायला शिकेल, हा लाभ वेगळाच.

आपल्याकडे वाटणी सरळ आहे. महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने आपल्या नियतकालिकांचे पहिल्या अंकापासूनचे संच पूर्ण करावेत. तालुक्याच्या संपादकांनी आपल्या फाइली तेथे स्कॅनिंगसाठी द्याव्यात; उर्दू पत्रांनाही तेच दार खुले असावे, कारण उदगीर एका भाषेत जगलेले नाही. नांदेडच्या विद्यापीठाने दुसरी प्रत सांभाळावी. धर्मग्रामाने आपले वार्तापत्र, स्मरणिका आणि गीतपुस्तिका आपल्या दफ्तरात आणाव्यात आणि त्यांची डिजिटल प्रत धर्मप्रांताच्या कार्यालयात ठेवावी.

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढले, म्हणून तो दिवस आपण पत्रकार दिन म्हणून पाळतो. येत्या ६ जानेवारीला तालुक्यातोलुक्यांत संपादकांना शाल-श्रीफळ दिले जाईल. अवश्य द्यावे. पण त्याच व्यासपीठावर, माइकवरून, प्रत्येकाला एक प्रश्न विचारावा : “आपल्या पत्राची पहिल्या अंकापासूनची फाइल कोठे आहे?” आणि तो प्रश्न विचारण्यापूर्वी आपण, धर्मग्रामाच्या लोकांनी, आपल्या कपाटाचे कुलूप काढून स्वतःचे उत्तर तयार ठेवावे.